एकच खिडकी: गोधडीही तिथेच, कुंड्याही तिथेच

काठपदर | १० मे

मुंबईच्या घरात धड ऊन येणारी खिडकी एकच. गोधडीला ती हवी, कुंड्यांना हवी, साबुदाण्याच्या पापड्यांनाही तीच हवी. म्हणून शिवणाचा वेगळा आणि बागेचा वेगळा चर्चेचा धागा न काढता हा एकच काढते आहे. कोणत्या महिन्यात खिडकी कोणाची, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

मे महिना गोधडीचा. शिवायची नाही अजून. साड्या धुवायच्या, फाडायच्या, कडक ऊन दाखवून ठेवायच्या. पावसात धुतलेलं जाड कापड वाळत नाही आणि कुबट वास एकदा बसला की दोन धुण्यांतही जात नाही. शिवण मात्र पावसात आरामात होतं.

साडी जुनी आणि शुद्ध सुती हवी. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणा. ‘चर्र’ झालं तर ती साडी बाहेरच्या थराला चालणार नाही. उजेडासमोर धरल्यावर जाळी दिसली तर आतही घालू नका, पहिल्या दोन-तीन धुण्यांत तिचे गोळे होतात आणि ते टाक्यांच्या मधे फिरत बसतात. तिचं पायपुसणं करा. जॉर्जेट, पॉलिएस्टर नकोच: घसरतं, घाम शोषत नाही.

खळ असेल तर ती पूर्ण काढा. खळ दिलेलं कापड कसर या किडीला फार आवडतं. रंग जातो का हे बघायला ओल्या पांढऱ्या फडक्यावर साडीचं टोक ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर ती साडी फिक्या साडीच्या शेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग कायमचा पक्का होतो, हे खरं नाही.

आता गणित. सहावारी म्हणजे ६ वार, २१६ इंच. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच धरू. एकेरी गोधडी ६० बाय ९०. बहुतेक जण साडीची लांबी गोधडीच्या लांबीला लावतात आणि मग रुंदीला जोड देत बसतात. उलट करा. साडीचे ६०-६० इंचांचे तुकडे पाडा, एका साडीतून ३ निघतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की एक थर तयार. चार थरांना ८ तुकडे, म्हणजे ३ साड्या, वर एक तुकडा शिल्लक. प्रत्येक साडीचा ३६ इंचांचा पदर उरतो. तो ३६ बाय ४५, बाळाच्या दुपट्याचं नेमकं माप. नऊवारी असेल तर ३२४ इंचांतून ५ तुकडे आणि उरलेल्या २४ इंचांतून गोटाच्या, म्हणजे कडेला शिवायच्या, अडीच इंची ९ पट्ट्या. गोटाला ७ लागतात, कोपऱ्यांसाठी आठवी हाताशी ठेवा.

कात्रीने फक्त काठ कापा, पुढे सरळ फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर नीट फाटतं, कात्रीची रेघ मात्र तिरकी जाते.

---

उसवण | १० मे

चारच थर? गावाकडे सात-आठ असतात की.

---

काठपदर | ११ मे

गावाकडची थंडी वेगळी. सांताक्रूझला जानेवारीतही रात्रीचं तापमान सरासरी १६-१७ अंशांच्या खाली जात नाही. चार थर पुष्कळ, एसीत झोपणाऱ्यांनी सहा घ्या. शिवाय धुण्याचा विचार करा. सुती साडी साधारण अर्धा किलोची. चार थरांची गोधडी सव्वा-दीड किलो, आठ थरांची तीन किलोच्या आसपास, आणि भिजल्यावर त्याच्या दुपटी-तिपटीला जाते. तेवढं ओझं तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर टाकायचं, हे लक्षात ठेवा.

---

ग्रिलमधली बाग | १४ मे

खिडकी मेमध्ये गोधडीची असं ताईंनी जाहीर केलं आहे, तर बागवाल्यांच्या बाजूने थोडं.

आधी खिडकीचं तोंड कुठे आहे ते बघा. मुंबई १९ अक्षांशावर आहे. साधारण १५ मे आणि २८ जुलै हे आपल्याकडचे शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत भर मे-जूनमध्ये दुपारचं थेट ऊन येतच नाही, छज्जा असेल तर नाहीच नाही. डिसेंबरअखेर उलट. दुपारचा सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो आणि खिडकीची चौकट सात फुटांवर संपत असेल तर ऊन सहा-साडेसहा फूट घरात येतं. ‘दक्षिणेला भरपूर ऊन’ हे वाक्य फक्त हिवाळ्यापुरतं खरं.

त्यामुळे दक्षिणेची खिडकी असणाऱ्यांनी फुलझाडं आणि पालेभाज्या हिवाळ्यात करा, मे ते जुलै तिथे पानांची झाडं ठेवा. उत्तरेच्या खिडकीला याच काळात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं, एरवी वर्षभर नाही. पश्चिमेला मेमध्ये दुपारी दोननंतर भाजून निघतं, ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. गोधडी वाळवायला मात्र पश्चिमच उत्तम.

आता माती. बाजारात मिळणारी नुसती तांबडी माती कुंडीत भरली की दोन महिन्यांत वीट होते. मापाने: ४ भाग माती, ३ भाग गांडूळखत किंवा चाळलेलं कुजकं शेणखत, ३ भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट. १२ इंची कुंडीला वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट आधी दोन-तीन वेळा पाण्यातून काढा, त्यात मीठ असू शकतं.

---

तिसरा माळा | १४ मे

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खडी घालायची की नाही? दर माणूस वेगळं सांगतो.

---

ग्रिलमधली बाग | १५ मे

नाही. खडीच्या थराने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, खडीच्या वरच्या मातीतच अडकून राहतं. खडी जेवढी जाड, तेवढी ओली माती मुळांच्या जवळ आली. भोकावर खापराचा एक तुकडा उलटा ठेवा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा चौकोन. बस. त्यापेक्षा कुंडी जमिनीपासून अर्धा इंच उचला. लादीला चिकटून भोक बुजणं, हे मुंबईत पावसात झाडं मरण्याचं पहिलं कारण.

आणि वजन. १२ इंची कुंडीत १५ लिटरच्या आसपास मिश्रण मावतं. कोकोपीट असलं तरी भिजल्यावर १५ किलो सहज. अशा सहा कुंड्या म्हणजे एक माणूस आणि वर गव्हाची गोणी. बाहेर काढलेल्या, गंजलेल्या ग्रिलमध्ये ६ ते ८ इंची कुंड्याच ठेवा. मोठ्या आत, भिंतीच्या कडेला.

---

चाळकरी | १५ मे

ग्रिलबागवाल्यांना खालच्या मजल्यावरून एक विनंती. सकाळी नऊनंतर पाणी घालू नका. तुमच्या कुंडीतलं तांबडं पाणी आमच्या वाळत घातलेल्या गोधडीवर येतं. सोसायटीच्या फळ्यावर लिहून झालं, आता इथे लिहितो.

---

काठपदर | १६ मे

अनुमोदन. तांबड्या मातीचा डाग सुती कापडावरून सहज जात नाही. पडलाच तर ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग साबण.

---

ग्रिलमधली बाग | २ जून

हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून, परतीची ८ ऑक्टोबर. त्याआधीची कामं: हळद आणि आलं लावून घ्या. १२ इंची कुंडीत कोंब आलेले दोन तुकडे, दोन इंच खोल, डोळा वर. पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, कुंडी हलवायची नाही. नागपंचमीला, गणपतीत पातोळ्यांसाठी पानं काढाल तेव्हा एका रोपाचं बाहेरचं एकच पान घ्या, नाहीतर खाली हळद धरत नाही.

कुंड्यांखालच्या ताटल्या चार महिने उचलून ठेवा. ठेवायच्याच असतील तर आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, कोरडी राहूनही टिकतात आणि पाणी आलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. पालिकेची माणसं पावसाळ्यात हेच तपासायला येतात.

पावसात खत बंद. मुसळधार पावसात ते वाहूनच जातं.

---

समुद्रकाठ | ३ जून

वरळी, वांद्रे, वर्सोवा, थेट समुद्रासमोर राहणाऱ्यांसाठी जोड. जून-जुलैच्या वाऱ्याबरोबर खारं पाणी येतं आणि पानांच्या कडा करपतात. पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात. पाऊस उघडला की पानं साध्या पाण्याने धुवा. तिथे तगणारी झाडं: बोगनवेल, सदाफुली, अडेनियम. गुलाबाच्या नादी लागू नका.

---

उसवण | २१ जून

साड्या फाडून तयार आहेत. आता शिवायचं कसं ते पायरीपायरीने सांगाल का? लादीवर पसरलं की सगळं सरकतं.

---

काठपदर | २२ जून

अंथरणं हेच खरं काम. टाके त्यामानाने सोपे.

लादी कोरडी पुसा. खालचा थर उलटा अंथरा, चारी कडा कागदी चिकटपट्टीने लादीला ताणून लावा. ताणून म्हणजे सुरकुती जाईल इतकंच. खेचलं तर पट्टी काढल्यावर कापड आक्रसतं आणि गोधडी होडीसारखी वळते. त्यावर आतले दोन थर. आतल्या थरांच्या जोडाला शिवण घालू नका, एक काठ दुसऱ्यावर इंचभर चढवून नुसता पसरा. चारही थरांना शिवलेला जोड दिला तर मध्यावर उंचवटा येतो, सुई तिथे अडते, मोडतेसुद्धा. जरीचा किंवा जाड काठ आतून काढूनच टाका. वरचा थर सुलटा. दर थरानंतर मधून कडेकडे तळहात फिरवा.

मग कच्चा दोरा. मध्यापासून चारी बाजूंना, वीतभर अंतरावर, दोन-दोन इंचांचे लांब टाके. घाई बहुतेक इथेच होते. कच्चा दोरा विरळ असेल तर पुढे कितीही सुबक टाके घाला, मध्ये फुगा येणारच.

दोरा सुती, जाडसर. टेरिकॉटचा मजबूत दोरा घेऊ नका. दोरा कापडापेक्षा ताकदवान झाला की तो जुन्या मऊ साडीला करवतीसारखा कापतो, वर्षभरात टाक्यांच्या रांगेवरच फाटतं. दोऱ्याची लांबी हातभर, जास्त घेतलीत तर गुंता होतो आणि दोरा पिंजतो. मधमाशांच्या मेणावरून एकदा ओढा. गाठ वर ठेवू नका, हलका झटका देऊन थरांच्या आत ओढून घ्या.

साधा धावदोरा, इंचाला तीन ते चार टाके. सुईवर तीन-चार टाके गोळा करा आणि एकदम ओढा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, पहिल्या दिवशी नको वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय सुई ढकलवत नाही.

किती दोरा लागेल: एकेक इंचावर ९० इंचांच्या साधारण ६० रांगा, म्हणजे १५० वार. टाक्यांची वरखाली आणि गाठी धरून १८०. दोरा दुहेरी असेल तर ३६०. एकाच वेळी घ्या. नंतर आणलेल्या रिळाचा पांढरा कधीच जुळत नाही.

कापड लागलं तर मंगलदास मार्केट, दोरा-सुया-फिती भुलेश्वरला. नवीन अस्तर घेणार असाल तर आधी धुवा. नवं सुती कापड आटतं, जुनी साडी आटून बसलेली असते. न धुता जोडलं तर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात.

---

धावदोरा | २३ जून

एक मतभेद. जुन्या पद्धतीत कडेपासून सुरू करून चौकोनात आत-आत जातात, सरळ रांगा नाहीत. कर्नाटकातले सिद्दीही त्यांची कवंदी कडेपासूनच आत शिवत नेतात. त्याचं देखणेपण सरळ रांगांना नाही.

---

काठपदर | २३ जून

देखणेपण कबूल. पण कडेपासून आत गेलं की सगळं ढिलं कापड मध्याकडे ढकललं जातं. सराईत हात ते वाटेत जिरवत जातो. पहिल्या गोधडीला मधली रांग आधी, मग दोन्ही बाजूंना. दुसरीला चौकोन करा.

---

धावदोरा | २४ जून

हे पटलं. आणि पावसात एक सांभाळा: सुई गोधडीत टोचून रात्रभर ठेवू नका. दमट हवेत गंजते आणि नेमका वरच्या थरावर तांबूस ठिपका पडतो. सुया तेलाचा हात लावलेल्या कापडात, डबीत. ठिपका पडलाच तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात. ऊन मात्र सप्टेंबरपर्यंत मिळेलच असं नाही.

---

तिसरा माळा | १ ऑगस्ट

धागा वर काढतो. दसऱ्याला घरचा झेंडू हवा आहे. उशीर झाला का?

---

ग्रिलमधली बाग | १ ऑगस्ट

कॅलेंडर काढा आणि दसऱ्यापासून ६० ते ६५ दिवस मागे मोजा. पेरणीचा दिवस तो. बी ट्रेमध्ये, पाव इंच खोल, ट्रे पावसाच्या थेट माऱ्याखाली नको. २०-२५ दिवसांनी चार-पाच पानं आली की ८ इंची कुंडीत एक रोप. शेंडा खुडला तर फांद्या जास्त, पण फुलं आठ-दहा दिवस उशिरा. दसरा चुकायचा नसेल तर एक-दोन रोपांचाच खुडा, बाकीची तशीच वाढू द्या.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसत असेल तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली भांडी घासायचा पातळ साबण, नीट घुसळून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात. आठवड्याने पुन्हा. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त आधी, कारण मुंग्याच या ढेकणांना सांभाळतात.

---

धावदोरा | दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

तोरणं उतरवताय ना? झेंडू फेकू नका, त्याने गोधडीचं कापड रंगवता येतं. बुरशी धरलेली फुलं मात्र वेगळी काढा, नुसत्या पाकळ्या घ्या.

१०० ग्रॅम सुती कापडाचा हिशोब. कापड धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ करा. २० ग्रॅम हिरडा पूड रात्रभर पाण्यात, गाळून त्यात कापड सात-आठ तास. पिळा, न धुता वाळवा. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा तेवढाच वेळ. ३०० ग्रॅम ताज्या पाकळ्या ३ लिटर पाण्यात पाऊण ते एक तास मंद उकळा, गाळा, कापड घाला, पाऊण तास मंद आच, गॅस बंद करून तसंच गार होऊ द्या.

हिरडा वगळला तर सुती कापड रंग धरत नाही, नुसती तुरटी पुरत नाही. पातेलं लहान आणि कापड कोंबलेलं असेल तर ढगांसारखे पट्टे येतात. पातेलं स्टीलचं. लोखंडी कढईत पिवळ्याऐवजी शेवाळी येतो. तोच हवा असेल तर गोष्ट वेगळी. रंग कडक उन्हात उतरतो, म्हणून वाळवताना कापड उलटं.

---

उसवण | त्याच दिवशी

हा शेवाळी रंग झेंडूपेक्षा जास्त आवडेल असं वाटतंय. दोन गंजके खिळे टाकून चालतील?

---

धावदोरा | त्याच दिवशी

चालतील, पण दोनच, आणि फडक्यात बांधून. लोखंड जास्त झालं तर कापड ठिसूळ होतं, आणि साडी आधीच जुनी आहे.

---

ग्रिलमधली बाग | १० नोव्हेंबर

आता खिडकी आमची. ऑक्टोबरच्या उन्हात कोथिंबीर पेरणाऱ्यांची निम्मी उगवलीच नसेल, गरम मातीत ती रुसते. आता पेरा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल. आठ-दहा दिवसांत उगवते, ३५ ते ४५ दिवसांत काढणीला.

मेथीला एवढाही धीर नको. ६ इंच खोल ट्रे, दाणे चिकटून चिकटून पेरा, २०-२५ दिवस. मुंबईच्या बाजारात जुड्यांनी मिळते ती बुटकी समुद्रमेथी हवी असेल तर मिश्रणात अर्धी धुतलेली वाळू घाला आणि दहा-पंधरा दिवसांत मुळासकट उपटा.

डिसेंबरअखेर मोगऱ्याची छाटणी. आठ दिवस पाणी कमी करा, मग तिसरा भाग फांद्या कापा, राहिलेली पानं ओरबाडून काढा, वरची दोन इंच माती उकरून गांडूळखत. फुलं नव्या फुटीवरच येतात. न छाटलेला मोगरा नुसताच पसरतो.

---

काठपदर | १६ फेब्रुवारी

थंडी संपली, गोधड्या धुवायला काढा. सात किलोच्या मशीनमध्ये चार थरांची एकटीच टाका, सोबत चादरी नकोत. भिजत रात्रभर ठेवू नका. वाळत घालताना एकाच दोरीवर घडी मारून टाकली तर मध्ये दोन दिवस ओल राहते. फूटभर अंतरावर दोन दोऱ्या बांधा आणि तंबूसारखी पसरा. दुपारी उलटी करा. वाळल्यावर लगेच घडी नको, आत आणून गार होऊ द्या.

ठेवताना सुती खोळीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. कडुनिंबाचा पाला घालाल तर चुरचुरीत वाळलेला. ओलसर पाल्याने कापडावर डाग पडतात. बाळाच्या दुपट्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात घालू नका, काही तान्ह्या बाळांच्या रक्तावर त्यांचा गंभीर परिणाम होतो. मोठ्यांच्या गोधड्यांनाही त्यांचा वास जाता जात नाही.

---

तिसरा माळा | १६ फेब्रुवारी

पण मोगरा कळ्यांवर आहे आणि ग्रिल त्याचंच आहे. गोधडी दोन दिवस बाहेर म्हणजे तो कुठे ठेवू?

---

ग्रिलमधली बाग | १७ फेब्रुवारी

आत, खिडकीच्या खाली. दोन दिवसांनी त्याचं काही बिघडत नाही. फक्त आदल्या दिवशी पाणी घालू नका. कुंडी हलकी राहते आणि उचलताना भोकातून गोधडीवर चिखल गळत नाही. परत ठेवताना कळ्यांची बाजू पूर्वीसारखीच बाहेरच्या तोंडाला ठेवा.

---

चाळकरी | १७ फेब्रुवारी

आणि पाणी नऊच्या आत.